काकवीवर लाडावलेलं खमीर

एका खाडीकाठच्या गावात एक भट्टीवाली होती, आणि तिचं म्हणणं कधी कुणी खरं धरलं नाही. नवऱ्यानं नाही, शेजारणींनी नाही. बाईनं चार वेळा तेच सांगितलं की ती कटकट होते. तसंच तिचं झालं होतं.

भट्टी गावाची होती. होड्यांना जे घर वेळेवर पाव देईल, त्या घराकडे ती राहायची. होडीचा पाव साधा, पीठ, मीठ आणि मडक्यातलं खमीर. हेलकाव्यात गोड खाल्लं की ओकारी येते, म्हणून त्यात गोडाचा कण घालायचा नाही, हा गावाचा नेम.

खमीर जिवंत असतं. त्याला खायला गोडी लागते. पण पिठातली गोडी मोकळी नसते, फोडून घ्यावी लागते. ती फोडायला खमीर स्वतःच एक रस तयार करतं. शिकलेली माणसं त्याला विकर म्हणतात. भट्टीवाली मडक्यात रोज नुसतं पीठ आणि पाणी घालायची. खमीर सावकाश फुगायचं, पण फुगायचं.

पावसाळा लागला, होड्या किनाऱ्याला ओढल्या. नवऱ्याला वेळच वेळ. एकदा तो मडक्यात डोकावला.

"अगं, हे काय पाणचट घालतेस त्याला? सावत्र आई आहेस का?"

आणि त्यानं वाटीभर काकवी ओतली. घटकाभरात मडकं फसफसून काठावर आलं.

"बघ! जीव आला की नाही?"

"अहो, आयती गोडी मिळाल्यावर ते रस कशाला काढेल? काढायचंच सोडून देईल."

"म्हणजे खमीर तुझ्यासारखं आळशी होणार म्हण की!"

दारातल्या शेजारणी खिदळल्या. एक म्हणाली, "वहिनी, खमिराचाही हेवा करता का हो?"

मग रोजच काकवी. पावसाळाभर गावात गोड पाव खपले, तेही मस्त फुगायचे, कारण त्यांच्या पिठातही काकवीच. नवरा मडकं हातात घेऊन मिरवायचा.

पाऊस ओसरला. होड्या निघायचा दिवस जवळ आला, तशी ती म्हणाली, "आता तरी नुसत्या पिठावर आणू या त्याला. आधी कुरकुरेल, मग शिकेल. अजून दिवस आहेत."

"सणासुदीला उपाशी ठेवू? माझ्याच्यानं नाही होणार. मडक्याला हात लावायचा नाही."

ती भांडली. मग दमली. दमलेल्या बाईला लोक पटलेली समजतात.

होड्या निघायच्या दिवशी पहाटे तिनं काथवटभर साधं पीठ मळलं, खमीर घातलं, वर ओलं फडकं टाकलं. सूर्य वर आला तरी पीठ मेल्यासारखं पडून. नवऱ्यानं चार वेळा फडकं उचललं. "तुझा हातच जड," म्हणाला. तसंच पीठ भट्टीत सारलं, तर पाव निघाले दगडासारखे. ओहोटी कुणासाठी थांबत नाही. होड्या पावाविना गेल्या. बायका किनाऱ्यावर तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

गावचा म्हातारा तांडेल, भट्टी कुणाकडे राहील हे ठरवणारा, काठी टेकत आला. जो तो बोलू लागला. नवरा म्हणाला पीठ जुनं, शेजारणी म्हणाल्या पाणी मचूळ, आणि सगळे मिळून म्हणाले हिचा हात.

तेवढ्यात काथवटीवरचं फडकं हललं. मागे उरलेलं पीठ दुपार होता होता फुगून काठाबाहेर आलं होतं.

तांडेलानं त्यात बोट खुपसलं. "पीठ तेच, पाणी तेच, हातही तोच. मग सकाळी काय झालं होतं?"

"रस काढायचं विसरलं होतं," ती म्हणाली. "उपाशी पडलं तेव्हा पुन्हा काढायला लागलं. पण होड्या गेल्या."

"भट्टी तर आता दुसऱ्या घरी जाणार, पोरी. दोष कुणाच्या माथी मारू? नाव सांग."

तात्पर्य इथेच सांगते, कारण पुढे नावाशिवाय काही नाही: ज्याला सगळं आयतं भरवाल, त्याच्या अंगातली ताकद झोपी जाते, आणि ती जागी होईपर्यंत वेळ निघून जाते. भरवणारा त्याला माया म्हणतो.

भट्टीवालीनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, गावची रीतच तशी. तिनं पदर खोचला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"हिराजी."