चंद्राकडे उडणारा घोडा

घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते, पण माझं कुणी खरं मानलं नाही. शाळेसमोर माझी चिंचा-बोरांची पाटी. पोरांच्या खिशात तंबाखूच्या पुड्या सापडल्या, तर सरपंच म्हणाले, "हिनंच विकल्या. उद्यापासून हिची पाटी इथं नको."

पुड्या शेजारच्या टपरीतल्या. टपरी माणिकरावांची, शाळेला घड्याळ देणाऱ्या मोठ्या माणसाची! तिच्यावर तंबाखूची निळी जाहिरात होती, चंद्राकडे उडणारा पांढरा घोडा. दुपारी वारासुद्धा पेंगायला लागला की पोरं घोड्याच्या मानेवर हात ठेवून डोळे मिटायची आणि ढगांतून कुठल्या कुठं जायची. हात फिरून फिरून ती मान पार पुसट झाली होती.

तंबाखूच्या जाहिरातींविरुद्ध फिरणारी कॉलेजची पोरं गावात आली. त्यांच्यातली रेवती माझं ऐकून सरपंचांनाच टपरीपुढं घेऊन आली. मागं गाव गोळा झालं.

माणिकराव हसले. "पोरी, ही जाहिरात मोठ्यांसाठी आहे. लहानांना आम्ही विकतच नाही."

"मग वाचून दाखवा की, काका."

माणिकराव वाकले. जमेना. शेवटी धोतर सावरून उकिडवे बसले, तेव्हा कुठं त्यांचं नाक घोड्याच्या नाकासमोर आलं. तेवढ्यात पहिलीतली सोनी आली आणि ताठ उभी राहून सवयीनं घोड्याची मान कुरवाळायला लागली.

रेवती म्हणाली, "काका, मोठ्यांची जाहिरात वाचायला मोठ्यांनाच उकिडवं बसावं लागतं होय?"

सरपंचांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. "पोरांना नादी लावलं कुणी?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी गावच बोललं, "माणिकराव खडके!"