दम खायची शिळा

शहराच्या दक्षिण दरवाजाबाहेर ही जी बुटकी काळी शिळा आहे, तिला आम्ही दम खायची शिळा म्हणतो. पेरूच्या डोंगरात आमचं शहर इतकं उंचावर आहे, की खालून आलेल्या माणसाला इथली हवा पुरत नाही. म्हणून पाहुणा आला की त्याला आधी इथे बसवायचं, कोकाच्या पानांचं गरम पाणी द्यायचं आणि तो आपणहून बोलेपर्यंत काही विचारायचं नाही, अशी आमची रीत आहे. तुम्हीही बसा. घाई नाही.

ही गोष्ट इंका राजांच्या वेळची, असे सांगतात. तेव्हा या दरवाजावर सिंची नावाचा पहारेकरी होता. माणूस वाईट नव्हता, थट्टेखोर होता. राजाचा हुकूम असा, की गाव आणि काम सांगितल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही.

एके दिवशी खालच्या जंगलाकडून एक म्हातारी चढण चढून आली. तिचा मुलगा आंका इथे भिंतींचे दगड घडवत होता. त्याच्या टोळीला राजानं उत्तरेच्या दूरच्या किल्ल्यावर धाडायचं ठरवलं होतं. तिकडे गेलेले परत येत नसत. टोळी आजच उत्तर दरवाजानं निघणार, हे वाटेत कळलं, तेव्हा म्हातारी शेवटचा चढ धावत चढली होती.

"कुठली गं माय तू?" सिंचीनं विचारलं.

तिनं तोंड उघडलं. शब्द फुटेना.

"गाव विसरलीस, की वाटेत खाल्लंस?"

बाकीचे पहारेकरी हसले. म्हातारीनं छातीवर हात ठेवला, शहराकडे बोट केलं, पुन्हा छातीवर हात ठेवला. सिंचीचा जन्म याच उंचीवरचा. पाठीवर मक्याचं पोतं घेऊन तो डोंगर चढे आणि वर गाणंही म्हणे. माणसाला हवा कमी पडू शकते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला वाटलं, बाई काहीतरी लपवते आहे. त्यानं भाला आडवा धरला.

"गाव सांग, मग जा. नाहीतर राहा उभी."

ती उभी राहिली. शहराच्या पलीकडून शंख वाजला. टोळी निघाल्याची ती खूण. तेव्हा कुठे तिच्या तोंडून एक शब्द आला, "आंका."

"पाथरवट आंका?" सिंचीचा भाला खाली आला. "अगं माय, आधी नाही का सांगायचंस!"

त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि तो शहर ओलांडून पळाला. उत्तर दरवाजाशी पोचला, तोवर माणसांची रांग समोरच्या डोंगरावर मुंग्यांएवढी झाली होती. त्यातला आपला कोणता, हे आईलाही ओळखता येईना. ती हाक मारू लागली, पण आवाज ओठांपलीकडे जाईना. मग सिंचीनं तिच्यासाठी हाका मारल्या, घसा फाटेस्तोवर. वारा उलटा होता. रांग खिंडीत शिरली आणि दिसेनाशी झाली, म्हणे.

राजाचा हुकूम बदलणं पहारेकऱ्याच्या हाती नव्हतं. विचारावं तर लागणारच होतं. त्यानं एवढंच केलं, की ही शिळा ओढत आणून दाराबाहेर टाकली आणि येणाऱ्याला आधी बसवू लागला. म्हातारी त्याच्याच घरी राहिली आणि तिथेच गेली. तिचं गाव कोणतं, हे विचारायचं धाडस त्याला अखेरपर्यंत झालं नाही, असे सांगतात.

आजही ते कुणाला ठाऊक नाही. आजही आम्ही पाहुण्याच्या हाती पाणी देतो आणि तोंड फिरवून उभे राहतो, त्याला बोलायची घाई वाटू नये म्हणून.