दोन वळसे

"कानशीनं खरवडलंय, उघड आहे. अजून काय पुरावा पाहिजे, चाचा?"

बाबालाल चाचा बशीत चहा ओतत होते. ओतत राहिले.

कोल्हापूरच्या गुजरीत सराफांच्या दुकानांतली धूळ विकत घ्यायची, ती धुवायची आणि तिच्यातला सोन्याचा कण वेगळा काढायचा, हा झारेकऱ्यांचा धंदा. चाचांची सगळी हयात त्यात गेली. शाळेची पायरी चढलेली नाही. पण झिजलेलं नाणं हातात देऊन ते कसं झिजलं हे विचारावं, तर चाचांनाच. भालचंद्र हुपरीकर सहा वर्षं त्यांच्या ओट्यावर बसून शिकला. मग पुण्याहून प्रमाणपत्र घेऊन आला, आणि यंदाच्या नाण्यांच्या प्रदर्शनात थेट परीक्षक झाला. गळ्यात भिंग, छातीवर बिल्ला. शिकवलं कोणी, हे बिल्ल्यावर लिहायची पद्धत नसते.

प्रदर्शनात एक टेबल गावच्या लोकांसाठी होतं. घरातलं जुनं नाणं आणायचं, परीक्षकानं त्याची प्रत ठरवून चिठ्ठी द्यायची, मग नाणं चिठ्ठीसकट काचेखाली मांडायचं.

त्या टेबलावर सकाळी एका म्हातारीनं सोन्याची गिनी ठेवली होती.

"मागचा घोडेस्वार बघा," भालचंद्र म्हणाला, "घोड्याची आयाळ मोजून घ्यावी इतका ठसठशीत. आणि पुढची राणी? नाक नाही, केस नाहीत, नुसता गोटा. हातोहात फिरलेलं नाणं दोन्ही अंगांनी झिजतं. तुम्हीच शिकवलंत. एकाच अंगानं गेलं, म्हणजे कुणीतरी सोनं काढलंय. मी तिथंच विचारलं, आजी, सोनं कुणी खाल्लं?"

"सगळ्यांसमोर?"

"चाळीस-पन्नास माणसं होती. हसली सगळी. एकजण म्हणाला, अहो, ती सुईण आहे, घराघरांत शिरते."

"ती काय म्हणाली?"

"बोलत होती काहीतरी. रांग मोठी होती, चाचा. नाणं मी ठेवून घेतलं."

"ठेवून घेतलंस..."

चाचांनी हात पुढं केला. भालचंद्रनं कागदाची पुडी सोडून गिनी त्यांच्या तळव्यावर ठेवली, आणि चिठ्ठीही. त्यावर त्याच्या वळणदार अक्षरात होतं : प्रत – निकृष्ट. कारण – खरवडून सोनं काढलेलं.

"रेघा बघितल्यास?"

"बघितल्या."

"कशा आहेत?"

"बारीक. गोल गोल."

"कानस गोल चालते?"

भालचंद्र बोलायला गेला आणि थांबला. रेघा त्यानं खरोखर पाहिल्या होत्या. गोल आहेत हेही पाहिलं होतं. पण तोवर माणसं हसायला लागली होती, आणि ते हसू त्याला गोड लागलं होतं.

चाचा उठले. आत जाऊन दगडी सहाण घेऊन आले. तिच्यावर बोटानं पाण्याचा थेंब सोडला, गिनी राणीच्या अंगानं पालथी घातली आणि एक वळसा दिला.

"चाचा! काय करताय? झिजेल ती!"

चाचांनी दुसरा वळसा दिला. ओलीच गिनी त्याच्यापुढं धरली.

"लाव भिंग."

त्यानं लावलं. नव्या दोन रेघा चकाकत होत्या. गोल. जुन्या रेघांच्या शेजारी अशा बसलेल्या, की पाणी वाळल्यावर नवी कोणती आणि जुनी कोणती हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"बाळगुटी..." तो पुटपुटला.

तेवढ्यात ओट्याशी काठी वाजली. सकाळचीच म्हातारी. येसाक्का. आमदार आला तरी बसल्या जागेवरून न हलणारे चाचा तिला बघून उभे राहिले.

"बाबालाल, माझी गिनी त्या सायबानं..." बोलता बोलता तिचं लक्ष भालचंद्रकडं गेलं. "हितंच हाय की रं."

"बस, आक्का. गिनी माझ्याकडं आहे."

तिनं गिनी हातात घेतली, राणीवरून अंगठा फिरवला.

"वल्ली कशानं झाली?"

"मी दोन वळसे दिले."

"दोनच न्हवं? तिसरा द्यू नगंस. तान्ह्याला सोसत न्हाई."

भालचंद्र खाली बघत म्हणाला, "आक्का, हे... कुठल्या पोरांसाठी?"

"ज्येंच्या घरात सोन्याचा मणी न्हवता त्येंच्या. गुटी उगाळाय आयांजवळ वेखंड असायचं, हळकुंड असायचं, सोनं कुठलं? मग मीच कनवटीला लावून न्यायची. माझ्या सासूपास्नं चाललंय."

"किती पोरं झाली असतील?"

"पोरं मोजत्यात व्हय रं, मुडद्या?" ती हसली. मग डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत राहिली. "तू कंपोजिटर हुपरीकराचा न्हवं? इंदूचा भालू?"

"...हो."

"सकाळी वळखलं न्हाई बग. पाठीवर बुक्की घातली तवा रडला हुतास तू. सातव्या म्हयन्यातला. चिमणीएवढा. दूधबी वडत न्हवतास. इंदू म्हनली, आक्का, ह्येला जरा जास्त लागंल. तवा इतर पोरांस्नी आठवड्यातनं एकदा, तुला रोज. पाच म्हयनं येत हुते मी तुमच्या जिन्यानं."

सकाळचा प्रश्न भालचंद्रनं स्वतःच, मोठ्यानं, चाळीस माणसांना ऐकू जाईल असा विचारला होता. येसाक्कानं त्या प्रश्नाचा साधा उच्चारही केला नाही. तिनं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

"गिनी मला विकायची न्हाई," ती चाचांना सांगत होती. "काचंखाली दोन दीस ठेवावी, एवढंच. सासूचं नाव निघालं असतं. आता ऱ्हाऊ दे. चोरीची म्हनून कशाला मांडायची?"

"मांडायची, आक्का," भालचंद्र घाईनं म्हणाला. "मी मांडतो. आत्ता नवी चिठ्ठी करतो."

त्यानं खिशातून कोरी चिठ्ठी काढली. वळणदार अक्षर काही साधलं नाही. प्रतीपुढं त्यानं लिहिलं : सर्वोत्कृष्ट.

चाचांनी चिठ्ठी ओढून घेतली.

"राणीला नाक आहे?"

"नाही."

"केस?"

"...नाही."

"मग सकाळी खोटं लिहिलंस, आता दुसरं खोटं लिहितोस?"

चाचांनी नवी चिठ्ठी टराटरा फाडली.

"मग काय लिहू, चाचा?"

चाचांनी बसकराखालून सकाळचीच चिठ्ठी काढली, गुडघ्यावर ठेवून सरळ केली आणि त्याच्यापुढं सरकवली.

"प्रत बरोबर आहे. सोनं कुणी खाल्लं ते खाली लिही... पूर्ण नाव. आईच्या नावासकट."