कुमुदिनीचे घटिकापात्र

एका राज्यात वेळ पाण्यावर मोजत असत. तांब्याच्या लहानशा वाटीच्या बुडाला केसाएवढे भोक पाडायचे आणि ती पाण्यावर सोडायची. वाटी भरून तळाला गेली की एक घटका झाली. तिला घटिकापात्र म्हणत. कालव्याचे पाणी कोणत्या गावाला किती वेळ सोडायचे, हे या पात्रावरच ठरत असे.

अशी पात्रे घडवणारी त्या राज्यात एकच स्त्री उरली होती. तिचे नाव कुमुदिनी. सासऱ्यांनी तिला ही विद्या शिकवली होती. सासरे गेले, नवराही गेला. घरात आता ती आणि सासू भागीरथीबाई. कुमुदिनी ओसरीवर बसून पोलादी सुईने भोक पाडी, पात्र पाण्यावर सोडी आणि सासऱ्यांनी दिलेला श्लोक एका लयीत साठ वेळा म्हणे. साठावा श्लोक संपताना पात्र बुडाले तर ते खरे. मध्ये मोजणी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या राज्याचा राजा रिपुंजय. त्याने एकदा कालकेतू नावाच्या मांत्रिकाच्या डोंगरावर स्वारी केली आणि त्याचा खजिना लुटून आणला. पेटाऱ्यांत नुसत्या सोन्याच्या घंटा होत्या. राजा उदार, त्याने घरटी एक घंटा वाटली. लोकांनी कौतुकाने त्या दारावर टांगल्या.

पण घंटा शापित होत्या. घरच्यांखेरीज जगात कुणालाही आपली आठवण झाली की आपल्या दारची घंटा वाजे, आणि वाजली की उठून दाराशी गेल्यावाचून राहवत नसे. दाराशी बहुधा कुणी नसेच. परतून यावे तो दूध उतू गेलेले असे, भाकरी करपलेली असे.

कुमुदिनीच्या घरी तर शेजारपाजारही भर घाली. "घरीच तर असतेस," म्हणत कुणी भाजी निवडायला बसे, कुणी निरोप ठेवून जाई. सासूबाईही घटकेत चार वेळा हाक मारीत. श्लोक कधी चाळिसाव्यावर तुटे, कधी पन्नासाव्यावर. शेवटी एक पात्र तिने अंदाजानेच पुरे केले.

ते पात्र लवकर बुडत होते. खालच्या गावाला पाणी कमी गेले, रोपे वाळली, दोन गावे काठ्या घेऊन कालव्यावर आली आणि पाटाचे पाणी सोडणाऱ्या, मध्ये पडलेल्या म्हाताऱ्या पाटकऱ्याचे डोके फुटले. हे कळले त्या दिवशी कुमुदिनीला घास गिळवेना.

तिने घंटा उतरवून तळ्यात बुडवली. सकाळी ती दारावर होती. जमिनीत पुरली, भट्टीत वितळवली. तरी सकाळी दारावरच. मग छपरावर एक निळा पक्षी येऊन बसला आणि बोलला, "मी कालकेतूचा दूत. अखंड चित्ताने घडवलेली एक वस्तू या राज्यात निर्माण झाली, तर शाप सुटेल. सूर्योदयापासून तीन प्रहर. संधी एकच."

"मान्य आहे," कुमुदिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना तिने सासूपुढे हात जोडले. "सासूबाई, आज तीन प्रहर मला हाक मारू नका."

भागीरथीबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी आता परकी झाले?"

"नाही. गरज पडली तर जरूर मारा. नुसतीच मारू नका."

म्हातारी परसात गेली.

पहिल्या प्रहरी घंटा वाजली. दारात पालखी, पालखीत प्रधान. "सहस्र पात्रे हवीत. आत्ता बाहेर ये, नाही तर काम परराज्यातल्या कारागिराला जाईल." कुमुदिनीने सुईवरची नजर काढली नाही. "तीन प्रहरांनंतर यावे," ती म्हणाली. पालखीची वाळकी पाने झाली आणि वाऱ्यावर गेली.

दुसऱ्या प्रहरी घंटा वाजली, आणि वारलेल्या नवऱ्याचा आवाज आला. "कुमुद, एकदाच दार उघड." तिचे डोळे भरले, धारा लागल्या, पण हात हलला नाही, की श्लोक अडला नाही. आवाज हळूहळू विरला.

तिसरा प्रहर सरत आला. पात्र पाण्यावर होते, श्लोक एकावन्नावा. तेवढ्यात परसातून बारीक हाक आली, "सूनबाई!"

एकदाच. आणि घंटा वाजली नव्हती.

"उठू नकोस!" पक्षी ओरडला. "नऊच श्लोक उरले!"

कुमुदिनी उठली. परसातल्या विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून भागीरथीबाई गळ्याएवढ्या पाण्यात पडल्या होत्या. एका हाताने दोर धरलेला, ओठ निळे पडलेले. कितीतरी वेळ त्यांनी ती हाक गिळून ठेवली होती. कुमुदिनीने त्यांना ओढून वर काढले, कोरडे लुगडे नेसवले, दुखरा पाय बांधला, चुलीशी बसवले आणि गरम दूध पाजले. घाई केली नाही. मग हात धुऊन ती ओसरीवर आली.

"अट मोडलीस," पक्षी म्हणाला.

"अट अखंड चित्ताची होती, एका जागी बसण्याची नव्हती. विहिरीवर असताना माझे चित्त विहिरीवरच होते. आता ते इथे आहे. बोलू नकोस, मोजणी पहिल्यापासून आहे."

पक्ष्याने पंख मिटले. अंगणातली सावली तिसऱ्या प्रहराच्या खुणेपासून जेमतेम घटकाभर दूर होती. कुमुदिनीने पात्र पुसून पुन्हा पाण्यावर सोडले. एक, दोन, तीन... साठाव्या श्लोकाचे शेवटचे अक्षर तिच्या ओठांवर असतानाच पात्र शांतपणे तळाला गेले.

त्याच क्षणी राज्यातल्या साऱ्या घंटांना पंख फुटले. निळा पक्षी पुढे आणि घंटा मागे, असा थवा डोंगराकडे उडून गेला. जिथला खजिना तिथे पोचला. दोन्ही गावांना पुन्हा मापात पाणी मिळू लागले. पाटकऱ्याच्या घरी कुमुदिनी स्वतः गेली आणि क्षमा मागून आली.

काही दिवसांनी राजा रिपुंजय सन्मानाची वस्त्रे घेऊन तिच्या घरी आला. पाय बांधलेल्या भागीरथीबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. आतून श्लोकाचा आवाज येत होता.

भालदाराने ललकारी द्यायला तोंड उघडले. म्हातारीने बोट ओठांवर ठेवले.

"महाराज, सूनबाई कामात आहे. तेहतिसावा चालू आहे. बसावे."

राजा पागोटे सावरून ओट्यावर बसला. उरलेले सत्तावीस श्लोक त्याने मुकाट्याने ऐकले, आणि त्या दिवसापासून त्या राज्याची घडी नीट बसली.