सायकलीचा राखणदार

ज्याच्या दाराला कवाड नाही आणि ज्याच्या भांडाराला तळ नाही, त्या रामरायाला आधी दंडवत. मग ही गोष्ट.

"…तर महाराज, या दोहोंतलं कोणतं घेऊ?"

मोरेश्वरबुवांनी दोन्ही कुलपे मठाच्या ओसरीवर मांडली. एक मागच्या चाकाला बसवायचे, गोल. दुसरे साखळीचे. पसंत पडेल ते ठेवा, दुसरे परत करा, असे दुकानदाराने सांगितले होते.

अच्युतमहाराजांच्या हातातली माळ थांबली.

"लोखंडातलं मला काय कळतं, मोरेश्वरा?"

"आपला शब्द मिळाला की मन निश्चिंत होईल."

मनच थाऱ्यावर नव्हते. कृष्णाकाठच्या वाड्यावस्त्यांवर बुवा सायकलीने जात, कीर्तन करत आणि माघारी येत. एका देवळात कीर्तन रंगात आले असताना बाहेर लावलेली सायकल गेली. भाविकांनी नवी घेऊन दिली खरी. पण तेव्हापासून आख्यान ऐन भरात आले, की बुवांच्या ओठांवरचे पद निसटू लागले.

उद्या रामनवमी. ज्या जागी आजवर महाराज उभे राहिले, तिथे या वर्षी प्रथमच बुवांनी उभे राहायचे होते. तिथेही पद निसटले तर…

"पहिल्या सायकलीला कुलूप नव्हतं का रे?"

"होतं की! हे असंच, गोल. त्या भल्या गृहस्थानं सायकल खांद्यावर टाकून नेली. किल्ली अजून माझ्या कनवटीला आहे."

"म्हणजे तेवढं तरी वाचलं."

बुवांना हसू आले नाही.

"साखळीनं खांबाला बांधता येते, महाराज. पण साखळी तोडणारेही असतातच. चोर का कमी हुशार?"

"बांध बघू."

सभामंडपाच्या दारासमोर, अंगणातल्या खांबाला बुवांनी सायकल बांधली. साखळी ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

"आता देवापुढे उभा राहा आणि नमन म्हण. उद्याचं आज कानी पडू दे."

"आणि सायकल?"

"मी बसतो तिच्यापाशी."

"आपण? छे छे, महाराज! भलतंच काय!"

"का? एवढंही जमणार नाही म्हणतोस मला?"

महाराजांनी घोंगडी उचलली, अंगणात उतरले आणि मागच्या चाकाशी मांडी घालून बसले. हात पुढे केला.

"किल्ली."

बुवा किंचित थबकले… मग त्यांनी किल्ली महाराजांच्या तळहातावर ठेवली.

त्या मठाची रीत अशी, की कीर्तनकाराने श्रोत्यांकडे नव्हे, देवाकडे तोंड करून उभे राहायचे. श्रोते दोन्ही अंगांना बसत. बोलायचे ते देवाशी. लोकांनी ते ऐकायचे. कीर्तन चालू असता देवाकडे पाठ फिरवणे, याहून मोठा अपराध तिथे मानला जात नसे.

मंडप रिकामा होता. बुवांनी चिपळ्या घेतल्या, डोळे मिटले. स्वर लागला. गाभाऱ्यात जाऊन तो गोड होऊन परत आला. कितीतरी दिवसांनी बुवांना वाटले, साधले.

पहिले कडवे झाले. दुसरे सुरू झाले.

बाहेर साखळी खळकन वाजली.

बुवा गर्रकन वळले.

अंगणात दुसरे कोणी नव्हते. महाराजांनी केवळ मांडी बदलली होती.

दोघांची दृष्टादृष्ट झाली. बुवांच्या पाठीशी रामराय, समोर गुरू… आणि ओठांवरचे पद गेले होते.

चिपळ्यांचा हात हळूहळू खाली आला.

"महाराज… मला वाटलं…"

"काय वाटलं?"

बुवांनी उत्तर शोधले. जे सापडले, ते उच्चारण्याजोगे नव्हते.

ते खालच्या मानेने म्हणाले, "नकोच ते कुलूप. देवावर सोडतो सगळं."

"असं कोण म्हणालं तुला? साखळीचं घे. सायकल मोकळी ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनात पाप का उपजवावं? एखादा बिचारा त्या साखळीकडे बघेल, आणि तसाच घरी जाईल. त्याच्यासाठी तेवढं पुरे."

महाराज गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी साखळी सोडवली, मंडपात आले, आणि किल्ली बुवांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटे आपल्या हातांनी मिटवली.

"चोरासाठी कुलूप झालं…" ते शांतपणे म्हणाले. "आता सांग, मोरेश्वरा, माझ्यासाठी कोणतं कुलूप घेतोस?"

ज्या ज्या कानांनी हे ऐकले, त्या त्या घरी चूल पेटती राहो, लेकरेबाळे सुखात नांदोत, आणि दारी आलेला कोणी विन्मुख न जावो. जय जय रघुवीर.