निवाड्याचं पाणी

प्रणिता कॉलेजात स्त्री-अभ्यास शिकत होती आणि इंटर्नशिपसाठी डोंगराकडेच्या एका वस्तीत येऊन राहिली होती. मॅडमनी तिला बजावलं होतं, आधी तिथल्या बायकांबरोबर राब, मग काय ते प्रश्न विचार. म्हणून ती रोज वस्तीतल्या मंजुळाबरोबर विहिरीवर पाणी भरायला जाई. जातपंचायतीचे मुख्य पंच भिवातात्या ते बघून म्हणत, "पाणी भरायलाही कॉलेज लागतं होय?"

एके दिवशी मंजुळावरच पंचायत बसली. रोज मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध तिने पोलिसांत तक्रार दिली होती. तात्यांनी निवाडा सांगितला, "मंजुळा आजपासून जातीबाहेर. तिच्या हातचं पाणी जो पिईल, तोही जातीबाहेर."

वस्तीची रीत अशी, की पाचही पंच एका घागरीतलं पाणी प्याले म्हणजे निवाडा पक्का. तात्यांनी पहिला मान घेतला. त्यांचा पेला रिकामा होईपर्यंत प्रणिता श्वास रोखून बसली आणि मग उठली.

"तात्या, आज ही घागर मंजुळाताईने भरली. मी सोबत होते."

चौघा पंचांनी ओठांपर्यंत नेलेले पेले हळूच खाली ठेवले. पुढे कुणी पाणी प्यालं नाही, त्यामुळे निवाडाही पक्का झाला नाही.

तात्यांच्या मिशा अजून ओल्याच होत्या. त्या पुसत ते म्हणाले, "पोरी, हे आधी का नाही सांगितलंस?"

"पाणी कुणी भरलं, हे तुम्ही विचारलंच नाहीत, तात्या. आम्हाला कॉलेजात आधी तेच विचारायला शिकवतात."