बन्सीच्या गोठ्यात

“बाई, आत गेलंच पाहिजे का?”

केसरबाई उजागरे गोठ्याच्या दाराकडे बघत होत्या. दाराला बाहेरून कडी होती.

आत बन्सी होता. महिन्यापूर्वी त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. जखमेत मिरची भरून तो कामाला गेला होता. काल तालुक्याच्या डॉक्टरांनी हात जोडले. घरी न्या म्हणाले, आता इलाज नाही. भावांनी त्याला खाटेला बांधून इथं ठेवलं. म्हातारी आई तेवढी दाराशी बसून होती. बाकी गाव लांब, लिंबाखाली उभं होतं.

विचारणारा शमुवेल पाटोळे. बायबल शाळेतून पहिला येऊन या गावी सुवार्तिक झालेला. दोन महिने तो रोज पारावर उभा राहून सांगत होता, ज्याचा प्रभूवर विश्वास आहे त्याला मरणाचं भय नाही. आवाज खणखणीत. लोक विड्या ओढत ऐकायचे. चाळीस वर्षं गावोगाव शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवत फिरलेल्या केसरबाई मागे बसायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत.

आतून आवाज आला. कुत्र्याचा नव्हता. माणसाचाच होता... म्हणून अंगावर काटा आला.

“तुमाला मरणाचं भ्या नाही म्हणता ना?” म्हातारी शमुवेलला म्हणाली. “मग जा की माझ्या लेकरापाशी. मला ही पोरं जाऊ देईनात.”

शमुवेलनं शास्त्र छातीशी धरलं.

“मी इथूनच प्रार्थना करतो, आजी.”

केसरबाई पुढे झाल्या. कडी त्यांच्या हातून दोनदा निसटली.

शमुवेलनं ते पाहिलं.

“बाई... तुम्हीसुद्धा भ्यालात?”

“फार.”

आणि त्या आत गेल्या.

दारातून वाऱ्याची झुळूक शिरली. बन्सीचं अंग ताठ झालं, घसा आवळला, डोळे फिरले. वारासुद्धा त्याला सोसत नव्हता.

“शमुवेल, आत ये,” बाई म्हणाल्या. “दार लाव. फटींवर काहीतरी धर.”

त्यानं मागे पाहिलं. लिंबाखालचं कुणी हललं नाही. म्हातारीनं आपली गोधडी त्याच्या हातात दिली.

तो आत कसा गेला हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

दाराकडे तोंड करून त्यानं दोन्ही हातांनी गोधडी फटींवर दाबून धरली. मागे वळून बघायची छाती होईना. बन्सी ओरडला की तो गोधडी आणखी घट्ट दाबी. एकदा त्याला वाटलं, दोर तुटला... दोर तुटला नव्हता. एवढं पाठ केलेलं शास्त्र, पण एक वचन ओठांवर येईना.

मागून बाईंचा आवाज येत होता.

“मी आहे, बन्सी. केसर. वारा बंद केलाय.”

पुन्हा तेच. पुन्हा तेच.

उन्हं उतरायच्या आत बन्सी गेला.

दोघं बाहेर आले. हातपाय धुतले. लोक हळूहळू जवळ आले.

“काही बोलला का?” म्हातारीनं विचारलं.

“हात सोडू नको म्हणाला,” केसरबाई म्हणाल्या.

“मग?”

“नाही सोडला.”

म्हातारी पदरात तोंड घालून रडली. बराच वेळ. मग डोळे पुसून शमुवेलकडे वळली.

“तुमच्या देवाचं काय ते सांगा बाबा. इतके दिस मी ऐकलंच नाही.”

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

शमुवेलनं मान खाली घातली. बाईंच्या कानाशी वाकून म्हणाला, “माझ्यानं होणार नाही. दोन महिने मी खोटं बोललो. आत माझी बोबडी वळली होती. अजून भीती गेलेली नाही. आता मी कोणत्या तोंडानं साक्ष देऊ?”

केसरबाई म्हातारीशेजारी जमिनीवर बसल्या. मांडी घातली. ऐकायला बसतात तशा.

“याच तोंडानं. आता सांग.”